नाशिकच्या शेतातला ओला लसूण: घ्यावा कधी, वापरावा कसा

माघ सरत आला की गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात लसणाच्या गोण्यांशेजारी जुड्याही दिसायला लागतात. मुळ्यांना माती, वर अर्धी पिवळी पडलेली पात, गड्डीवर पांढरी-जांभळट ओलसर साल. दिंडोरी, निफाड, सिन्नरकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेलाही शेतकरी अशा जुड्या घेऊन बसतात. हा नवा लसूण, म्हणजेच ओला लसूण. शेजारच्या गोणीतला सुका माल बराचसा मध्य प्रदेशातून, मंदसौर-नीमचच्या पट्ट्यातून येतो. तो व्यवस्थित वाळवलेला, प्रतवारी केलेला असतो आणि स्वयंपाकाची सगळी जुनी मापं त्याच्यावरच बसलेली असतात.

निकाल आधीच सांगतो. फोडणी, ठेचा, भरीत आणि आमटीसाठी शेतावरचा ओला लसूण सुक्यापेक्षा सरस आहे. वर्षाच्या साठवणीलाही तो उत्तम, पण घरी नीट वाळवायची तयारी असेल तरच. सुक्या खोबऱ्याच्या चटणीला तो आहे तसा घालू नये. नव्या लसणाबद्दल तीन तक्रारी नेहमी ऐकू येतात: चटणीला बुरशी आली, फोडणीत कचवट राहिला, आठ दिवसांत मऊ पडला. तिन्हीमागे कारण एकच, पाणी. वाळवलेल्या लसणाच्या पाकळीतही साधारण ६० टक्के पाणी असतंच. ओल्यात ते त्याहून जास्त असतं, आणि शिवाय मानेत (गड्डीवर जिथून पात निघते तिथे), मुळाच्या तबकडीत आणि पाकळीवरच्या सालीतही मुरलेलं असतं. पाकळीतलं पाणी कढईत त्रास देतं, मानेतलं पाणी साठवणीत.

म्हणून घेताना भाव विचारायच्या आधी एक प्रश्न विचारावा: पाणी कधी तोडलं? काढणीच्या साधारण दोन आठवडे आधी लसणाला पाणी देणं थांबवायचं असतं. तेवढ्या दिवसांत मान आवळते, पाकळ्या एकमेकींपासून सुटतात, वरची साल पातळ होते. वजन भरावं म्हणून शेवटपर्यंत पाणी दिलेला लसूण दिसायला टपोरा असतो, पण त्याची मान अंगठ्यानं दाबली की मऊ लागते आणि बोटाला ओल येते. असा लसूण आठवड्यात संपवण्यापुरताच घ्यावा. मान पातळ, चिवट आणि दाबली तरी रस न सोडणारी असेल तर माल साठवणीचा आहे.

पातीवरूनही बरंच कळतं. निम्मी पात पिवळी होऊन मान मोडली असेल तर लसूण वेळेवर निघाला. पात पूर्ण हिरवी असेल तर गड्डी आडवी कापून पाहा: पाकळ्या पुऱ्या भरलेल्या नसतात आणि त्यांच्याभोवती जाड, पांढरी, रसदार साल असते. तोही खाण्याजोगाच, उलट कोवळी साल सोलायचीही गरज नसते, पण तो टिकणार नाही. पात शेतातच पूर्ण वाळून गेली असेल तर काढणीला उशीर झालेला असतो. अशा गड्ड्या वरून फुटतात, पाकळ्या उघड्या पडतात आणि फटींत माती शिरते.

दोन प्रकारचा माल सरळ बाजूला ठेवावा. एक, धुऊन चकचकीत केलेला. लसणाला माती लागलेली चालते, ती वाळली की हातानं झटकून निघते. धुतल्यावर मानेच्या आणि सालीच्या आत शिरलेलं पाणी मात्र निघत नाही, तिथूनच सड सुरू होते. दुसरा, अवकाळीत सापडलेला. मार्चमध्ये आपल्याकडे पाऊस-गारा नव्या नाहीत. वरची एक साल काढून पाहावी. डाग त्याच सालीवर थांबला असेल तर काही बिघडत नाही, पण आतल्या सालीवर काळी भुकटी किंवा हिरवट-निळी बुरशी दिसली तर ती जुडी नको. काही गड्ड्यांना दोन-तीन माना असतात, बाजूनं फुटवे आलेले असतात. नत्राचा डोस आणि पाणी जास्त झालं की असं होतं. चवीत दोष नसतो, पण त्या आधी वापराव्यात.

भावाचा हिशेब करताना पात, मुळ्या आणि माती वजनात धरलेली आहेत हे विसरू नये. साठवणीसाठी घेत असाल आणि पात अजून हिरवी-जड असेल, तर ओल्याचा भाव सुक्याच्या निम्म्याच्या आसपास असला तरच परवडतं. पात कोरडी होत आलेली असेल तर थोडा जास्त द्यायला हरकत नाही. हिरवी पात वेगळी वापरणार असाल तर हिशेब बदलतो, कारण ती भाजीच आहे.

जातीबद्दल थोडंसं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'गोदावरी', 'श्वेता' आणि 'फुले बसवंत' या जाती महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहेत. श्वेता पांढरी, गोदावरी आणि फुले बसवंत जांभळट. जुड्या विकणाऱ्याला जातीचं नाव माहीत नसलं तरी 'गावरान की मोठ्या कुडीचा' एवढं तो सांगतोच, आणि स्वयंपाकघराला तेवढं पुरतं. आपल्याकडच्या गड्डीत साधारण २० ते ३० पाकळ्या निघतात. बारीक, सोलायला किचकट, पण तिखट. डोंगरी भागातल्या मोठ्या लसणात दहा-पंधरा जाडजूड पाकळ्या असतात. त्या सोलायला सोप्या आणि चवीला सौम्य, मुलांच्या भाजीत किंवा सूपमध्ये चालतात. ठेच्यात मात्र त्यांचा जोर पडत नाही, तिथे दीडपट घालावा लागतो. चिनी लसणाच्या आयातीवर भारतात २०१४ पासून बंदी आहे, त्यामुळे अगदी पांढरीशुभ्र, बुडाला मुळ्या साफ तासलेली मोठी गड्डी कमी भावात पुढे केली तर ती कुठली, हे विचारावं. शेतकऱ्याच्या जुडीला मुळ्या असतातच.

लसणाचा उग्रपणा अख्ख्या पाकळीत नसतो, तो पाकळी फुटल्यावर तयार होतो. पेशींमध्ये अॅलिइन हे संयुग आणि अॅलिनेज हे विकर (एन्झाइम) वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. चिरलं-ठेचलं की दोन्ही एकत्र येतात आणि अॅलिसिन तयार होतं. उष्णतेनं विकर निकामी होतं, म्हणून निखाऱ्यावर अख्खी भाजलेली गड्डी गोडसर लागते आणि तोच लसूण कच्चा ठेचला की डोळ्यांत पाणी आणतो. आंबटानंही विकर मंदावतं. याचा उपयोग असा: लसूण ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवावा आणि मग तेलात घालावा, चव जास्त उतरते. चटणीत लिंबू पिळायचं असेल तर लसूण वाटून झाल्यावर पिळावं. सुरुवातीलाच लिंबू घातलं तर चटणी मिळमिळीत होते आणि माणसं मिरची वाढवत बसतात.

ओला लसूण सोलण्याची रीतही निराळी आहे. सुक्याची साल कागदासारखी सुटते, ओल्याची पाकळीला चामड्यासारखी चिकटून बसते. चोळून काही होत नाही. बुडाचा कठीण भाग सुरीनं उडवावा, पाकळी वरवंट्यानं किंवा वाटीच्या बुडानं एकदाच दाबावी आणि साल लांबीत ओढावी. कोमट पाण्यात भिजवण्याची युक्ती सुक्यासाठी आहे. ओल्याला आणखी पाणी पाजून हाती काही लागत नाही.

आता कढईकडे. या लसणाची खरी परीक्षा फोडणीत होते. दोन मोठे चमचे शेंगदाणा तेल तापवून मोहरी-जिरं तडतडवून घ्या आणि मग आच बारीक करा. ठेचलेल्या १२ पाकळ्या घातल्या की लगेच बारीक, दाट फेस उठतो आणि चरचर मोठी होते. ते पाकळीतलं पाणी उडतंय. या वेळी लसूण पांढराच राहतो आणि इथेच माणूस घाई करून आच वाढवतो. तसं करू नये. पाणी आहे तोवर पाकळीचं तापमान फार चढत नाही, रंग येत नाही. पाणी संपलं की तापमान झटकन चढतं आणि लसणातल्या साखरेमुळे पुढच्या वीस-तीस सेकंदांत सोनेरीवरून थेट करपा होतो. आच मोठी असेल तर बाहेरून करपलेला आणि आतून कचवट, असा दोन्हीकडून फसलेला लसूण मिळतो. खूण डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळते: चरचर कमी होते, फेसाचे बुडबुडे मोठे आणि विरळ होतात. कडा फिकट सोनेरी दिसल्या की लगेच हिंग-हळद-तिखट घालून वरण किंवा भाजी ओतावी, कारण गरम तेलात रंग आणखी एक पायरी चढतो. सुक्या लसणाला या सगळ्याला दीडेक मिनिट लागतं, ओल्याला जवळपास तीन. लसूण करपलाच तर ती फोडणी टाकून द्यावी. तो कडवटपणा गुळानं झाकत नाही आणि आंबटानंही नाही.

अख्ख्या ओल्या पाकळ्या कडक तेलात टाकू नयेत. आत वाफ कोंडते, पाकळी फुटते आणि तेल अंगावर उडतं. निदान सुरीनं एक चीर द्यावी.

ठेचा हे ओल्या लसणाचं सर्वांत मोठं यश आहे. १०० ग्रॅम लवंगी किंवा मध्यम तिखट हिरव्या मिरच्या, ओल्या लसणाच्या २५ ते ३० पाकळ्या, दोन मोठे चमचे भाजलेले शेंगदाणे, एक छोटा चमचा जाडं मीठ, दोन छोटे चमचे तेल. लोखंडी तव्यावर आधी मिरच्या, त्यांना पांढुरके फोड आले की लसूण. लसूण दोन मिनिटांहून जास्त भाजू नये. कडा पिवळसर, आत थोडा कच्चेपणा हवा, ठेच्याचा झणका त्या कच्चेपणातच असतो. मीठ घालून तव्यावरच वाटीच्या बुडानं ठेचावं. जाडं मीठ वाटपाला घर्षण देतं आणि लसणाचा रस बाहेर काढतं. हा रस म्हणजेच ओल्या लसणाचा फायदा: ठेचा जास्त तेलाशिवाय एकजीव होतो, भाकरीवर पसरतो, कोरडा चुरा होत नाही. मिक्सरमध्ये पाणी घालून फिरवलेला ठेचा हिरवी चटणी होते, तिला ठेचा म्हणू नये. नागलीच्या भाकरीबरोबर हा ठेचा बसतो तसा दुसऱ्या कशाबरोबर बसत नाही, हे ठाम मत आहे. फ्रिजमध्ये चार दिवस, त्यापुढे नको.

भरतात पाकळी आणि पात दोन्ही लागतात, पण वेगवेगळ्या वेळी. अर्धा किलो भरताच्या वांग्यांना ८-१० पाकळ्या ६-७ मिरच्यांबरोबर ठेचून तेलात परताव्यात. वांगं घालून दोन वाफा आल्यावर चिरलेली पात मूठभर, आणि लगेच गॅस बंद. पात फोडणीत घातली तर काळवंडते, दोऱ्यांसारखी होते आणि तिचा ताजा वास उडून जातो. पातीचा खालचा पांढरा भाग मात्र फोडणीतच जातो, तो कच्चा राहिला तर दाताखाली करकरतो.

उडदाच्या आमटीला एक वाटी डाळीमागे ओल्या १५ पाकळ्या, अर्ध्या शिजताना आणि अर्ध्या वरच्या फोडणीत. मिसळीच्या किंवा शेवभाजीच्या वाटणात सुक्या दहांच्या जागी ओल्या तेरा-चौदा पाकळ्या घ्याव्यात आणि कांदा-खोबरं भाजून झाल्यावर लसूण वेगळा परतावा, नाहीतर त्याच्या पाण्यानं भाजलेलं खोबरं मऊ पडतं आणि तर्री नीट सुटत नाही.

सुक्या चटणीचं प्रमाण असं: सोललेला लसूण १०० ग्रॅम, किसलेलं सुकं खोबरं १५० ग्रॅम, शेंगदाणे ५० ग्रॅम, तीळ ३० ग्रॅम, लाल तिखट २५ ग्रॅम, मीठ १२ ग्रॅम. वाळलेल्या लसणाला हे बरोबर बसतं. ओल्यानं हीच चटणी केली तर मिक्सरमध्ये तिचा गोळा होतो. खोबऱ्याचं तेल आणि लसणाचं पाणी एकत्र येतं, चटणी दोन दिवसांत खवट-आंबूस वास मारते आणि पाठोपाठ बुरशी. ओल्यानंच करायची असेल तर पाकळ्यांचे काप करून रात्रभर सुती कापडावर पंख्याखाली पसरावेत. सकाळी चमचाभर तेलावर मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, कडा सोनेरी आणि हाताला कोरड्या लागेपर्यंत परतावेत. पूर्ण गार झाल्याशिवाय वाटायचं नाही, कोमट लसणाची वाफही चटणी बिघडवते. शक्यतो खलबत्ता वापरावा. मिक्सर असेल तर थांबून थांबून, दोन-दोन सेकंद. तरीही ही चटणी दहा-बारा दिवसांत संपवावी. वर्षाची चटणी एप्रिलनंतरच्या वाळलेल्या लसणाची करावी, हेच खरं.

आलं-लसूण पेस्ट करून वर तेलाचा थर देण्याची सवय घराघरांत आहे. तिच्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण धोका खरा आहे. लसूण मातीतला, त्याला क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू चिकटलेले असू शकतात. तेलाखाली हवा पोचत नाही, लसणात आंबटपणा जवळपास नसतो, पाणी भरपूर. स्वयंपाकघरातल्या तापमानाला या जिवाणूला विष तयार करायला याहून सोयीची जागा नाही, आणि वास किंवा रंग बदलल्याशिवायही विष तयार होऊ शकतं. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे बॉट्युलिझमची मोठी विषबाधा झाली होती. म्हणून पेस्ट किंवा तेलातला लसूण कधीही ओट्यावर ठेवू नये. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, त्याहून जास्त हवा असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या कराव्यात. एका वडीत साधारण पाच पाकळ्यांची पेस्ट बसते, भाजीला माप सोपं जातं. कच्च्या वापराला मात्र त्या नकोत, झणका बराच उतरलेला असतो.

लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या लोणच्यात लसूण कधी हिरवा-निळा पडतो. घाबरू नये. लसणातली गंधकाची संयुगं आणि अमिनो आम्लं आंबटात एकत्र येऊन हा रंग धरतात, तो अपायकारक नसतो. फ्रिजमध्ये बरेच दिवस ठेवलेल्या लसणाचा रंग जास्त बदलतो, नुकत्याच निघालेल्याचा सहसा नाही. लोणचं घालायचं तर मार्च हा योग्य महिना आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यात घालू नये.

साठवणीचा लसूण घरी आणल्यावर धुवायचा नाही, पात कापायची नाही, मुळ्या तोडायच्या नाहीत. पात वाळताना तिच्यातलं सत्त्व गड्डीत उतरतं आणि मान हळूहळू मिटते. पात ओली असताना कापली तर मान उघडी राहते, जखमेतून बुरशी आत जाते. दहा-बारा गड्ड्यांची जुडी पातीनंच सैल बांधून गॅलरीत सावलीत, वाऱ्यात टांगावी. दहा ते पंधरा दिवस. मार्चच्या उन्हात उघडी ठेवली तर गड्डीच्या एका बाजूच्या पाकळ्या भाजून पिवळट, पारदर्शक होतात. त्या पुढे मऊ पडून सडतात. ओट्याच्या वर टांगणंही चूक, तिथे रोज कुकरची वाफ लागते. वाळला हे तीन खुणांवरून कळतं: गड्डी हातात फिरवली की साल सळसळते, मान चिमटीत काडीसारखी लागते, आणि गड्डीच्या दोन सेंटिमीटर वर देठ कापला तर कापलेली जागा पूर्ण कोरडी असते. मगच मुळ्या तासाव्यात, दोन-अडीच सेंटिमीटर देठ ठेवून पात कापावी. किंवा पात तशीच ठेवून वेणी घालावी, तीच सर्वांत चांगली साठवण.

पुढचा शत्रू नाशिकचा पावसाळा. जून ते सप्टेंबर हवा दमट असते, डब्यात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत लसूण घामेजतो. जाळीची पिशवी किंवा वेताची टोपली, भिंतीपासून सुटी, बटाट्यांपासून लांब. फ्रिजमध्ये अख्खा लसूण ठेवू नये. त्या थंडीनं त्याची झोप मोडते आणि बाहेर काढताच कोंब फुटतात. दर पंधरा दिवसांनी गड्ड्या हातात घेऊन पाहाव्यात. आकाराच्या मानानं हलकी लागणारी गड्डी आतून पोकळ झालेली असते, ती काढली नाही तर शेजारच्याही जातात.

श्रावण-भाद्रपदात काही पाकळ्यांना आत हिरवा कोंब येणारच. पाकळी उभी चिरून कोंब काढला की फोडणीला ती चालते, कोंबानिशी ठेचली तर चटणी कडवट होते. फारच कोंब आलेल्या पाकळ्या ऑक्टोबरात कुंडीत, टोक वर करून, अडीच-तीन सेंटिमीटर खोल, बोटाच्या अंतरानं लावाव्यात. तीन-चार आठवड्यांत हिरवी पात हाताशी येते. कापताना बुडापासून दोन बोटं सोडून कापली तर ती पुन्हा फुटते, आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या भरताला बाजारातली पात आणावी लागत नाही.